आधी रीत मांडा, मग उत्तर सांगा

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत मेंटेनन्सच्या जागेसाठी मुलाखती चालू होत्या. समोर बदलापूरचा एक मुलगा बसला होता. आयटीआय फिटर, मार्क चांगले, कपडे नीटनेटके. मी विचारलं, "पंप चालू आहे, मोटर फिरतेय, पण पाणी उचलत नाही. काय करशील?"

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, सुपरवायझरला कळवीन."

"सुपरवायझर नसेल तर?"

"वाट बघीन."

संध्याकाळी गेटबाहेरच्या टपरीवर तोच मुलगा चहा घेताना भेटला. सहज बोलता बोलता सोसायटीच्या पाण्याचा विषय निघाला आणि तो खुलला. गेल्या महिन्यात त्यांच्या इमारतीचा पंप असाच रिकामा फिरत होता. त्याने प्रायमिंग केलं, पाणी चढलं, पण पंप बंद करून अर्ध्या तासाने लावला तर पुन्हा तेच. "म्हणजे पाणी खालून परत उतरतंय. फूट व्हॉल्व्ह काढला तर त्यात प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा अडकलेला." मी म्हटलं, "अरे, दुपारी मी हेच तर विचारत होतो." तो गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. "मला वाटलं तुम्हाला पुस्तकातलं उत्तर हवंय."

ती जागा दुसऱ्याला गेली होती. या मुलाला काम येत होतं, पण ते कसं करतो हे आमच्यासमोर सांगता आलं नाही. असे उमेदवार मी इतके पाहिले आहेत की आता त्यांच्याबद्दल लिहायलाच हवं असं वाटलं. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात वाढलेल्या मुलामुलींना अडचणी सोडवायला शिकवावं लागत नाही. पाण्याची वेळ, गाडीची वेळ, पावसात बंद पडणारे रस्ते हे सगळं सांभाळतच ती मोठी होतात. सवय नसते ती डोक्यात चाललेला विचार क्रमाने तोंडाने मांडण्याची. ती सवय लावून घेता येते. कशी, ते इथे सांगतो.

समोरच्याला काय हवं असतं

'अमुक अडचण आली तर काय कराल?' हा प्रश्न कारखान्यात येतो, आयटी कंपनीत येतो, बँकेच्या काउंटरच्या जागेसाठी येतो आणि शोरूमच्या सेल्समनलाही येतो. विचारणाऱ्याला उत्तर बहुतेक वेळा आधीच ठाऊक असतं, किंवा प्रश्नाला एकच एक उत्तर नसतं. त्याला बघायचं असतं ते वेगळंच. हा माणूस घाबरून काहीतरी ठोकून देतो का? विचारल्याशिवाय गृहीत धरतो का? धोका ओळखतो का? चूक दाखवली तर ऐकतो का? उद्या रात्रपाळीत हा एकटा असेल तेव्हा काय करेल, याचा अंदाज तो घेत असतो.

म्हणूनच चमत्कारिक कोडी पाठ करण्यात वेळ घालवू नका. एके काळी मोठ्या कंपन्यांत अशा कोड्यांची फॅशन होती. गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे त्या वेळचे प्रमुख लास्लो बॉक यांनी 2013 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सला दिलेल्या मुलाखतीत स्पष्ट सांगितलं की, अशा कोड्यांवरून उमेदवार पुढे कामात कसा निघेल हे कळत नाही. त्यापेक्षा सगळ्यांना एकाच पद्धतीने विचारलेले, प्रत्यक्ष अनुभवावरचे प्रश्न जास्त उपयोगी पडतात. आपल्याकडच्या जाणत्या मुलाखतकारांचाही कल तिकडेच आहे.

वहीतल्या चार ओळी

मराठी शाळेत गणिताच्या वहीत बाई चार गोष्टी लिहायला लावायच्या: काय दिलं आहे, काय काढायचं आहे, रीत आणि शेवटी ताळा. उत्तर चुकलं तरी रीतीचे मार्क मिळायचे. हंगेरीत जन्मलेले गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी 1945 मध्ये 'हाउ टू सॉल्व्ह इट' हे पुस्तक लिहिलं. त्यातही प्रश्न समजून घ्या, बेत ठरवा, बेत अमलात आणा आणि मागे वळून तपासा, अशाच चार पायऱ्या आहेत. म्हणजे पद्धत तुम्हाला लहानपणीच शिकवलेली आहे. मुलाखतीत ती अशी वापरायची.

दिलं आहे काय: प्रश्न ऐकल्या ऐकल्या उत्तराला हात घालू नका. तो आपल्या शब्दांत परत म्हणा आणि दोन-तीन नेमके प्रश्न विचारा. उमेदवाराने प्रश्न विचारणं हा उद्धटपणा नाही. चांगला डॉक्टर औषध लिहिण्याआधी विचारतोच की, कधीपासून दुखतंय.

काढायचं काय: या अडचणीत 'सुटलं' कशाला म्हणायचं ते ठरवा. मशीन आत्ता चालू करायचं आहे, की पुन्हा बंद पडू नये असं करायचं आहे? दोन्ही असेल तर आधी कोणतं?

रीत: आधी काय करणार, मग काय, आणि तेच आधी का, हे बोलत जा. क्रम लावताना साधा नियम धरा. आधी धोका टाळायचा, मग नुसत्या नजरेने तपासता येतं ते बघायचं, आणि जिथे खोलावं, तोडावं किंवा पैसे घालावे लागतात ते शेवटी.

ताळा: सुटलं हे कशावरून कळेल आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय कराल. ही पायरी बहुतेक जण विसरतात. जो सांगतो तो पटकन डोळ्यांत भरतो.

पंपाचं उत्तर कसं असायला हवं होतं

त्या मुलाला जे येत होतं, तेच या चार ओळींत बसवून बघू.

"सर, आधी दोन गोष्टी विचारतो. लाइनमध्ये पाणीच आहे ना, की सॉल्व्हंट? आणि पंप कालपर्यंत नीट चालत होता का?"

पहिल्या प्रश्नावरच समोरचा माणूस सावरून बसेल. केमिकल कारखान्यांच्या या पट्ट्यात पाइपात काय आहे हे न विचारता पाना हातात घेणारा माणूस कोणालाच नको असतो. दुसऱ्या प्रश्नातही अर्थ आहे. पंप नवा बसवला असेल किंवा मोटरची वायर सोडून पुन्हा जोडली असेल, तर दोन फेज उलटसुलट लागून मोटर उलटी फिरत असू शकते. कालपर्यंत चालत असेल आणि कोणी हात लावला नसेल, तर ती शक्यता मागे पडते.

समजा उत्तर आलं, "पाणीच आहे, आणि काल चालत होता." मग पुढे:

"आधी पंप बंद करीन. कोरडा फिरत राहिला तर सील जळेल. मग खालच्या टाकीत पाणी आहे का आणि सक्शनचा व्हॉल्व्ह उघडा आहे का ते बघीन, त्याला हत्यार लागत नाही. मग प्रायमिंग करून हवा काढीन. पाणी चढलं, पण पंप थांबवून पुन्हा लावल्यावर उचललं नाही, तर फूट व्हॉल्व्ह गळतोय; चालता चालताच तुटलं, तर सक्शन लाइनचा एखादा जॉइंट हवा ओढतोय. प्रायमिंग करूनही चढलंच नाही, तर स्ट्रेनर चोक झालाय का बघीन. यातलं काहीच नसेल तरच पंप खोलून इम्पेलर बघीन, तोही वीज तोडून, कुलूप लावून आणि टॅग लटकवून. काम झाल्यावर प्रेशर आणि अँपिअर लिहून ठेवीन आणि तासाभराने पुन्हा येऊन बघीन. सुपरवायझरला मात्र सुरुवातीलाच फोन करून कळवलेलं असेल."

हे सगळं बोलायला दीड-दोन मिनिटं लागतात. यात पुस्तकातलं फारसं काही नाही. 'सुपरवायझरला कळवीन' हेही त्यात आहे, पण आता ते जबाबदारी झटकणं वाटत नाही, कारण बाकीचं कामही त्याच्या सोबत आलं आहे.

अंदाजाचे प्रश्न: बदलापूरची सकाळ

ऑफिसच्या, मार्केटिंगच्या किंवा ॲनालिस्टच्या जागेसाठी वेगळाच प्रश्न येतो. 'सकाळी सात ते नऊ या वेळात बदलापूर स्टेशनवरून किती माणसं गाडीत चढत असतील?' आकडा कोणाला पाठ नसतो, आणि तुमच्याकडून अचूक आकड्याची अपेक्षाही नसते. इटालियन शास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांच्या नावाने असे प्रश्न ओळखले जातात. त्यांच्या नावावरचा सर्वांत गाजलेला प्रश्न म्हणजे शिकागो शहरात पियानोचे सूर लावणारे किती. मोठ्या अनोळखी आकड्याचे छोटे ओळखीचे तुकडे करायचे, ही त्याची युक्ती.

पहिला रस्ता गाड्यांचा. दोन तास म्हणजे 120 मिनिटं. मुंबईकडे जाणारी गाडी दर आठ मिनिटांनी धरली तर 15 गाड्या. त्यातल्या 8 बदलापूरहून सुटणाऱ्या आणि 7 कर्जत-खोपोलीकडून भरून येणाऱ्या धरू. बारा डब्यांच्या गाडीत बसायच्या जागाच अकराशेच्या घरात असतात. इथून सुटणाऱ्या गाडीत उभे असलेले धरून 2,000 चढतात म्हटलं तर 16,000 झाले. मागून येणाऱ्या गाडीत 1,000 चढतात म्हटलं तर 7,000. एकूण 23,000.

आता ताळा, आणि तो दुसऱ्या रस्त्याने. 2011च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या सुमारे पावणेदोन लाख होती. त्यानंतर उभ्या राहिलेल्या इमारती बघता आज दुप्पट, म्हणजे साडेतीन लाख धरू. त्यातले 1 लाख 20 हजार नोकरीला किंवा कॉलेजला बाहेर पडतात आणि त्यातले निम्मे गाडीने जातात, म्हणजे 60,000. त्यातले निम्मे याच दोन तासांत निघतात, म्हणजे 30,000.

एक उत्तर 23 हजार, दुसरं 30 हजार. दोन्ही एकमेकांच्या जवळ आहेत. 'पंचवीस हजारांच्या आसपास' असं सांगून थांबा आणि आपला कोणता अंदाज सर्वांत कच्चा आहे तेही सांगा. इथे बदलापूरकराला आणखी एक गोष्ट माहीत असते. इथून सुटणारी गाडी रिकामी नसते, कारण अंबरनाथ, उल्हासनगरची माणसं बसायला जागा मिळावी म्हणून उलट्या दिशेने बदलापूरला येऊन आधीच आत बसलेली असतात. "त्यामुळे माझा 2,000 चा आकडा थोडा कमी करायला हवा," एवढं म्हटलंत की तुम्ही आकडेमोडीपलीकडचं पाहता हे समोरच्याला कळतं. स्वतःचं गणित स्वतः सुधारणारा माणूस कोणत्याही टीमला हवा असतो.

मूळ कारण शोधायचे प्रश्न: बत्तीस कंबरेची जीन्स

दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या छावणीसाठी बांधलेल्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि 1949 मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. शून्यातून व्यापार उभा करणाऱ्या या गावाची जीन्स आज लांबलांबच्या बाजारांत जाते. तेव्हा प्रोडक्शन किंवा क्वालिटीच्या जागेसाठीचा प्रश्न तिथलाच घेऊ. 'एका व्यापाऱ्याकडून 32 कंबरेच्या पँटी परत आल्या आहेत, घट्ट होतात म्हणून. काय कराल?'

घाईचं उत्तर येतं, "कटिंग मास्टरला विचारू." म्हणजे गुन्हेगार ठरवून टाकला. त्याऐवजी आधी अडचणीची हद्द आखा. फक्त 32च्याच परत आल्या की 30 आणि 34च्याही? एकाच लॉटच्या की सगळ्या? एकाच शेडच्या? धुण्याआधी माप बरोबर होतं का? अडचण कुठे आहे आणि कुठे नाही, या दोन्हींची यादी शेजारी शेजारी ठेवली की कारण आपोआप एका कोपऱ्यात येतं.

समजा असं कळलं की सगळ्या साइझच्या पँटी घट्ट आहेत, पण एकाच लॉटच्या, आणि शिवून झाल्यावर माप बरोबर होतं. मग 'का' विचारत खाली उतरा. टोयोटाचे ताईइची ओनो कारखान्यात पाच वेळा 'का' विचारायला लावत. पँट घट्ट का? धुतल्यावर आटली म्हणून. याच लॉटची का आटली? कापडाचे तागे नव्या मालातले होते. ते जास्त आटतात हे आधी का कळलं नाही? कापायच्या आधी तुकडा धुऊन बघितला नव्हता. का नाही बघितला? तसा नियमच नव्हता.

आता खरा उपाय हाताशी आला. नवा तागा आला की पन्ह्याच्या दिशेने 50 सेंटिमीटरची खूण करून तुकडा धुवायचा. वाळल्यावर 48 भरला तर आटण्याचं प्रमाण 4 टक्के. 32 इंच कंबरेत ते सव्वा इंचाहून जास्त होतं, आणि पँट घट्ट व्हायला तेवढं पुरतं. तेवढी वाढ धरून पॅटर्न कापायचा. कंबर पन्ह्याच्या दिशेने येते म्हणून माप आडवं घ्यायचं, हे सांगितलंत तर तुम्ही कापड हाताळलेलं आहे हे समोरच्याला वेगळं सांगावं लागणार नाही. आणि कटिंग मास्टर खोट्या आळापासून वाचतो. माणसाला दोष देण्याआधी पद्धत तपासणं ही चांगल्या कामगाराची खूण आहे आणि चांगल्या साहेबाचीही.

कॉम्प्युटरच्या जागेसाठी

ऐरोली, ठाण्याच्या आयटी कंपन्यांत जाणाऱ्यांनाही रीत हीच. समजा विचारलं, 'हजार पासांच्या यादीत एखादा नंबर दोनदा आला आहे का, हे शोधायचा प्रोग्रॅम लिहा.' लगेच कोड लिहू नका. यादी क्रमाने लावलेली आहे का? एक सापडला की थांबायचं, की सगळे शोधायचे? यादी रिकामी असू शकते का? मग पाच नंबर कागदावर घेऊन हाताने करून दाखवा. आधी साधी रीत सांगा: प्रत्येक नंबर बाकी सगळ्यांशी ताडून बघायचा. हजार नंबरांना ही तुलना जवळजवळ पाच लाख वेळा होते. मग सुधारित रीत: आलेला नंबर एका सेटमध्ये टाकत जायचा आणि पुढचा नंबर त्यात आधीच आहे का ते बघायचं. काम हजार वेळा बघण्यात संपतं, फक्त मेमरी थोडी जास्त लागते. साधी रीत आधी सांगण्यात कमीपणा नाही. सुधारता येते, कारण ती आधी मांडलेली असते.

अचानक संकट आलं तर

'एकाच वेळी तीन गोष्टी बिघडल्या, कोणती आधी बघाल?' या प्रश्नाला आपल्या भागातला एक प्रसंग कायम लक्षात ठेवा. 27 जुलै 2019च्या पहाटे कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली. गाडीत हजारावर प्रवासी होते, बाहेर अंधार, चारी बाजूंनी पाणी. त्या वेळी रेल्वेने प्रवाशांना पहिली गोष्ट सांगितली ती अशी: गाडीतून उतरू नका, गाडी सुरक्षित आहे. मग एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदल आणि हवाई दल मदतीला आलं, आसपासच्या गावकऱ्यांनी हात दिला आणि दुपारपर्यंत सगळे प्रवासी सुखरूप बाहेर आले. पुढे कल्याणहून विशेष गाडीने त्यांना कोल्हापूरकडे नेलं.

यातला क्रम बघा. आधी माणसांचा धोका वाढू द्यायचा नाही, मग मदत मागवायची, मग माणसं सुरक्षित करायची आणि शेवटी राहिलेलं काम पूर्ण करायचं. काही वेळा सर्वांत योग्य कृती म्हणजे जागेवर थांबणं, आणि तसं का ते लोकांना समजावून सांगणं. बँकेच्या काउंटरवर सर्व्हर बंद पडला असेल किंवा प्लांटमध्ये गॅसचा वास येत असेल, क्रम हाच राहतो. वास आला तर तुमचं पहिलं वाक्य माणसं बाहेर काढण्याचं हवं. प्रोडक्शन किती थांबेल हे तिथे पहिलं आलं तर मुलाखत संपली असं समजा.

तुमच्याच अनुभवावरचे प्रश्न

'तुम्ही सोडवलेली एखादी अडचण सांगा' म्हटलं की फ्रेशर म्हणतात, "सर, मला अनुभव नाही." अनुभव असतो, फक्त त्याला नोकरीचं लेबल नसतं. घर, कॉलेजचा प्रोजेक्ट, सोसायटी, मंडळ, मामाचं दुकान, अप्रेंटिसशिप, कुठलाही चालतो.

आता दोन उत्तरं शेजारी ठेवतो. पहिलं: "आमच्या मंडळात हिशोबाचा घोळ झाला होता, आम्ही सगळ्यांनी मिळून सोडवला." यातून काहीच कळत नाही.

दुसरं: "गणेशोत्सवाच्या वर्गणीचा हिशोब माझ्याकडे होता. पावतीपुस्तकं पाच जणांकडे होती. पहिल्याच आठवड्यात रोख 4,300 रुपये कमी भरली आणि एकमेकांवर संशय सुरू झाला. मी पाचही पुस्तकांच्या पावत्या नंबराने लावल्या आणि यूपीआयची यादी तारखेने लावून शेजारी ठेवली. तीन पावत्यांचे पैसे यूपीआयने आले होते, पण पावतीवर तसं लिहिलं नव्हतं, म्हणून आम्ही ते रोखीत शोधत होतो. त्यानंतर मी पावतीवर रोख की यूपीआय हे लिहायला लावलं आणि रोज रात्री ताळमेळ बघायला लागलो. पुढे विसर्जनापर्यंत फरक आला नाही."

यात चार भाग आहेत: प्रसंग, माझी जबाबदारी, मी केलेली कृती आणि परिणाम. सगळ्यात जास्त वेळ कृतीला द्या. 'आम्ही' कुठे आणि 'मी' कुठे, हे प्रामाणिकपणे वेगळं करा. दुसऱ्याचं श्रेय घेऊ नका आणि आपलं सोडूही नका. रचलेली गोष्ट सांगू नका. दुसऱ्या-तिसऱ्या खोलातल्या प्रश्नाला ती उघडी पडते.

एखादी न सुटलेली अडचणही तयार ठेवा. माझ्या पहिल्या नोकरीत रात्रपाळीला एका मशीनचा आवाज बदललेला मला कळला होता, पण सकाळी बघू म्हणून मी तो लॉगबुकात लिहिला नाही. सकाळी बेअरिंग गेलेलं होतं. पुढच्या मुलाखतीत मी हेच सांगितलं आणि त्यानंतर लॉगबुकाची सवय कशी लावून घेतली तेही सांगितलं. आपली चूक आपण ओळखतो, हे ऐकून समोरच्याचा विश्वास वाढतो.

तीन आठवड्यांची तयारी

पहिला आठवडा वहीचा. शंभर पानी वही घ्या आणि स्वतः सोडवलेल्या किंवा सोडवायचा प्रयत्न केलेल्या सहा अडचणी लिहा, प्रत्येक एका पानावर, वरच्या चार भागांत. एक तांत्रिक, एक माणसांच्या भांडणाची, एक वेळेच्या टंचाईची, एक पैशांची, एक स्वतःच्या चुकीची आणि एक नवीन काही शिकावं लागलं त्याची. आकडे आठवून घाला. किती रुपये, किती दिवस, किती माणसं.

दुसरा आठवडा जागेचा. ज्या कामासाठी जाणार त्या कामात रोज काय बिघडतं याची दहा वाक्यांची यादी करा. हे पुस्तकात सापडणार नाही, त्या कामातल्या माणसाला विचारा. तुमच्या गाडीच्या ग्रुपमध्ये कोणी ना कोणी त्या क्षेत्रातला निघतोच. "काका, तुमच्या प्लांटमध्ये सगळ्यात जास्त डोकं कशाने खाल्लं जातं?" एवढं विचारा, दादरपर्यंत ऐकायला मिळेल. ऐकलेल्या प्रत्येक अडचणीवर चार ओळी लिहा.

तिसरा आठवडा आवाजाचा, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. लिहिलेलं उत्तर आणि बोललेलं उत्तर यांत फार अंतर असतं. मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून रोज दोन प्रश्नांची उत्तरं मोठ्याने द्या, प्रत्येकी दोन मिनिटं. ऐकताना एवढंच तपासा: प्रश्न परत म्हटला का, काही विचारलं का, क्रम कळतो का, ताळा आला का. मग एखाद्या मित्राला किंवा ताईला समोर बसवा आणि मध्येच "आणि ते नाही चाललं तर?" असं अडवायला सांगा. मुलाखतीत अडवणारच आहेत. अडवल्यावर थांबून "मग मी दुसरी शक्यता बघीन" म्हणता येणं हा सरावाचा भाग आहे.

भाषेची भीती बाळगू नका. विचार मराठीतच करा. इंग्रजी अडत असेल तर शांतपणे विचारा, "हा भाग हिंदीत किंवा मराठीत सांगितला तर चालेल का?" कारखान्यात बहुतेक वेळा चालतं. जिथे इंग्रजीच लागतं तिथे लांब वाक्यांच्या मागे न लागता छोटी वाक्यं क्रमाने बोला. पहिलं, दुसरं, तिसरं एवढ्या जोडशब्दांवर उत्तर उभं राहतं.

त्या दिवशी

गाडी चुकेल, पावसात रूळ पाण्याखाली जातील, हे धरूनच घरून निघा आणि मुलाखत घेणाऱ्यांचा फोन नंबर कागदावर लिहून जवळ ठेवा. उशीर होणार असं दिसलं तर वेळ होण्याच्या आधी कळवा. तुमचा अडचण सोडवण्याचा पहिला नमुना त्यांना तिथेच दिसतो.

प्रश्न आला की अर्धा मिनिट मागून घ्या: "जरा विचार करून सांगतो." कागद-पेन सोबत ठेवा आणि चार ओळी मांडा. उत्तर माहीत नसेल तर "हे मी केलेलं नाही, पण इथून सुरुवात करीन" असं म्हणा. समोरच्याने इशारा दिला तर तो घ्या, आपल्याच उत्तराला चिकटून बसू नका. चूक लक्षात आली तर तिथेच दुरुस्त करा.

आणि परतताना गाडीत जागा मिळो न मिळो, विचारलेले प्रश्न आठवतील तसे मोबाइलमध्ये लिहून काढा. कल्याण सुटल्यावर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर एवढा वेळ पुरतो. कोणत्या प्रश्नाला अडलो, काय सांगता आलं असतं, त्याची रीत त्याच रात्री वहीत मांडा. त्या फिटर मुलानेही टपरीवर मला पेन मागितलं होतं आणि मुलाखतीच्या पत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूला फूट व्हॉल्व्हपासून सुरुवात केली होती. मी त्याला म्हटलं, "त्याच्या वर आधी एक ओळ लिही: पाइपात काय आहे?"